म्हातारबाच्या घासावरची नजर

खाणाऱ्याच्या घासाकडे पाहू नये, हा नियम पाळणारा एकच मनुष्य या शहरात उरला आहे, आणि दुर्दैवाने तो माझा व्याही आहे. दुर्दैवाने अशासाठी की, त्यांच्या घरी जेवणे ही एक परीक्षा असते. यजमान समोर बसतात, पण तोंड भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे. आग्रहसुद्धा दिनदर्शिकेलाच. पोळी नको असेल तर मोठ्याने सांगावे लागते, कारण पानावर आडवा धरलेला हात त्यांना दिसत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात वराचा पिता पंगतीत फिरकेना, तेव्हा आमची मंडळी मानपानात काही चुकले असे धरून चालली होती. प्रत्यक्षात हे गृहस्थ मांडवाबाहेर पाठ करून उभे होते. गंगापूरजवळ शेती करीत होते तोवर बैलांनाही हाच मान होता. वैरण टाकायची आणि वळून उभे राहायचे. कारण विचारले तर म्हणत, "मायेची नजर लई वाईट. दुश्मनाची एक येळ उतरती, मायेची उतरत नाय."

शेती धाकट्या भावाकडे सोपवून ते पुंडलिकनगरात मुलाकडे राहायला आले. शहरात त्यांना पाहण्यासारखे काही सापडेना. म्हणून माझ्या मुलीने त्यांच्या फोनवर अलास्कातल्या एका नदीचे थेट प्रक्षेपण लावून दिले. नदीवर बुटका धबधबा आहे. सॅमन नावाचे मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारीत वर जातात, आणि अस्वले धबधब्याच्या माथ्यावर जबडा उघडून उभी असतात. आपली सकाळ ती तिथली संध्याकाळ. चहा घेऊन व्याही बसत. फाटक्या कानाच्या एका वृद्ध अस्वलावर त्यांचा जीव जडला; त्याला ते म्हातारबा म्हणू लागले. स्वतः कट्टर शाकाहारी. घरात अंडे शिजले तर ताट घेऊन गच्चीवर जाणारे. मी ही विसंगती बोलून दाखवली. "त्याचं ताट हाय," ते म्हणाले, "आपुन कोण?" मात्र मासा दातांत सापडला की ते फोन उपडा ठेवीत. म्हातारबाचे ताटकळणे पाहायचे, हुकणे पाहायचे. जेवण पाहायचे नाही. ज्या क्षणासाठी सारे जग तिथे डोळे लावून बसते, तेवढाच त्यांनी कधी पाहिला नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सारखा बदलत असे. या घटकेला किती माणसे पाहत आहेत तो हा आकडा, असे सुनेकडून कळल्यावर ते हादरले. एका जित्राबाच्या घासावर एवढे डोळे, हे त्यांना भयंकर वाटले. त्यांनी त्याच दिवशी फोनवरून मीठ-मोहरी ओवाळली. पुढे फोन दुरुस्त करणाऱ्याने चार्जिंगच्या छिद्रातून मोहरीचा दाणा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

दृष्ट उतरली नाही. म्हातारबाची माथ्यावरची जागा एका तरुण अस्वलाने बळकावली. म्हातारबा खाली, उथळ पाण्यात उभा राही आणि रिकाम्या तोंडाने परत जाई. ही अस्वले हिवाळाभर अन्नावाचून निजून राहतात. त्याआधी अंगावर पुरेशी चरबी चढली नाही, तर निजलेले अस्वल उठेलच याची खात्री नसते. हे माझ्या मुलीनेच त्यांना वाचून दाखवले होते. व्याह्यांनी त्यातून एकच निष्कर्ष काढला: नजर आपली लागली. त्यांनी पाहणे सोडले, आणि पाठोपाठ स्वतःही अर्ध्या भाकरीवर उठू लागले. गालफडे बसली तेव्हा मुलीने मला बोलावून घेतले.

मी समजूत घालण्यासाठी गेलो होतो. ती वेळ आली नाही.

"इवाई," ते म्हणाले, "उद्यापासून म्हातारबाला तुमी बघा. जेवला का, तेवढं मला सांगा."

माझी नजर लागणार नाही का, असे मी विचारले. त्यांनी मला नीट न्याहाळले.

"तुमची? जन्मभर वजनमापं खात्यात होते तुमी. हलवायांचे तराजू बघत फिरले. एखादा पेढा तरी नासला का? तुमच्या नजरेत मायाच नाय. देणगी हाय ती."

माझी मुलगी स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्या हसण्याचा आवाज आला.

मी काम स्वीकारले. रोज सकाळी पाहायचे आणि फोन करायचा: "जेवला", किंवा "नाही". मी खोटे बोलत नाही हे त्यांना ठाऊक होते. "जेवला" म्हटले की पलीकडे ते सुनेकडे भाकरी मागताना ऐकू येत. एकदा कळवले की म्हातारबाने इतरांनी काठावर टाकलेले उष्टे खाल्ले. याला जेवणे म्हणावे का? "जागा गेली त्याची," ते म्हणाले. "पोट भरलं ना? मग झालं." त्या दिवशीही भाकरी मागितली गेली, पण आवाज लहान होता.

पुढे एका सकाळी म्हातारबा पुन्हा माथ्यावर चढला. तरुण अस्वल तिथे नव्हते. बराच वेळ तो मान खाली घालून उभा राहिला. एक मासा उसळला, म्हातारबाने मान फिरवून तो दातांत धरला. मी फोन करून "जेवला" असे कळवले.

"केवढा व्हता?" त्यांनी विचारले.

"पाहिला नाही."

"का?"

"तेवढ्यात मी मान वळवली होती."

ते अगदी हळू म्हणाले, "इवाई, आता तुमीबी नका बघू."

तेव्हापासून मी सकाळी पुंडलिकनगरात जातो. आम्हा दोघांमध्ये फोन उपडा ठेवलेला असतो. त्यातून नदीचा आवाज येत राहतो. मधेच पाण्यात काहीतरी धपकन वाजते आणि व्याही माझ्याकडे पाहतात. मला काही दिसलेले नसते. मी होकारार्थी मान हलवतो. मग ते भाकरीचा तुकडा मोडतात, आणि मी दिनदर्शिकेकडे पाहत बसतो.