अक्काचा हात पोहोचेल तिथं

पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा वायरमनने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं, "पॉइंट कुठे कुठे काढायचे?" आबा आईकडे बघू लागले, आई छताकडे. आम्ही जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली माणसं. दाराशी एक काळा बोर्ड, त्यावर एकच प्लग. इस्त्री लावायची तर आधी रेडिओ काढायचा. बटण कुठे हवं हे आम्हाला कुणी विचारील, असं कधी वाटलंच नव्हतं. उत्तर होतं ते फक्त माझ्या थोरल्या बहिणीकडे.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. तळहातांवर भार देत ती जमिनीवरून सरकत घरभर फिरायची, हातमशीनवर ब्लाउज शिवायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. पण दिव्यासाठी तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागे. "अगं, लाईट लावा कुणीतरी." "पंखा कमी करा रे, कापड उडतंय." कुणी लवकर उठलं नाही, तर ती अशा शेलक्या शब्दांत सगळ्यांचा उद्धार करायची की शेजारणी हसून हसून बेजार व्हायच्या. नव्या घराकडून तिचं मागणं एकच होतं. आपला दिवा आपल्या हाताने लावायचा.

आबांनी तिला रिक्षातून प्लॉटवर आणलं. उचलून एकेका खोलीत नेलं, भिंतीशी बसवलं. ती हात वर करायची आणि तिची बोटं टेकतील तिथे वायरमन खडूने चौकोन काढायचा.

"ताई, इतक्या खाली बोर्ड कुणी घेत नाही," तो म्हणाला. "लहान पोरं बोटं घालतात."

"या घरात खाली असणारी मी एकटीच आहे," अक्का म्हणाली, "आणि माझी बोटं शहाणी आहेत."

आबा खळखळून हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं. मग अक्काने फर्मान सोडलं, की कूलरची लाईन वेगळी घ्या आणि फ्यूजही वेगळा ठेवा. मे महिन्यात कूलरने फ्यूज उडवला तर तिच्या खोलीतला दिवा जायला नको. वायरमनला पटलं. त्या दुपारी ती अख्ख्या बांधकामाची मुकादम झाली होती. पुढच्या आठवड्यात भिंतीत झिऱ्या पाडून पाइप बसले आणि खडूच्या चौकोनांत बोर्डाच्या लाकडी पेट्या ठोकल्या गेल्या.

मग साक्रीहून नाना आले. ते आबांचे थोरले भाऊ, आणि आमच्याकडे त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. धुळ्याचं एक स्थळ त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. घर पुरं झालं की मंडळी इथेच मुलगी बघायला येणार होती. नाना सगळ्या खोल्यांतून फिरले, एका पेटीपुढे वाकले आणि तिथूनच म्हणाले, "हाई काय करं रे? पाव्हना येतीन, बाया घर दखतीन. बठ्ठा बोर्ड खाले कसाले शेतस, इचारतीन. मंग काय सांगशी?"

सगळे बोर्ड खाली का, असं पाहुण्या बायका विचारतील, यातून त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. एक बहीण अशी म्हटल्यावर लोक दुसरीकडेही संशयाने बघतात, घराण्यातच काही असेल म्हणतात. पाहुणे येतील त्या दिवसांत अक्काला साक्रीला नानांकडे ठेवायचं हे आधीच ठरलं होतं. तिने ते हसत कबूलही केलं होतं, म्हणाली होती, चला, साक्रीचा आठवडी बाजार तरी बघून होईल. आता बोर्डही वर घ्यायचं ठरलं, ते मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

मी भांडले. लग्नच नको म्हणाले, जेवले नाही, नानांना तोंडावर बोलले. आईने माझ्या तोंडावर हात दाबला. आबा खाली बघत म्हणाले, "तुझं लग्न होऊ दे. मग परत खाली घेऊ." अक्का साक्रीला गेली आणि वायरमनने पुन्हा छिन्नी हातात घेतली. बोर्ड माझ्या खांद्याच्या उंचीला गेले. खालची भोकं विटांच्या तुकड्यांनी बुजवली, त्यावर गिलावा झाला, रंग झाला. पाहुणे आले, चहा-पोहे झाले, मी पसंत पडले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

अक्का परत आली तेव्हा आबांनीच तिला उचलून आत आणलं. तिने बैठकीची भिंत बघितली, मग तिच्या खोलीची. मी वाट बघत होते, की आता ती सगळ्यांना फाडून खाईल. तिने खावं असं मला मनापासून वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "कूलरची लाईन तरी वेगळी आहे ना?"

"आहे, आहे," आबा घाईघाईने म्हणाले.

आबांनी तिला बांबूची एक काठी घासूनपुसून दिली, टोकाला रबर लावलं. त्या काठीने दोन बटणं फुटली. मग ती काठी मशीनमागे पडून राहिली.

लग्नानंतर काही महिन्यांनी धुळ्याला माझे यजमान सहज म्हणाले, "तुला बघायला आलो त्या दिवशी तुझी बहीण भेटलीच नाही. आईला तिला बघायचं होतं." मी चमकले. नानांना हे स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाने त्यांना अक्काबद्दल पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि कुणाची काही हरकत नव्हती. मी त्यांना बोर्डांचं सांगितलं. ते गोंधळून म्हणाले, "पण बोर्ड कोण बघतं?" मी स्वयंपाकघरात गेले आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत रडत राहिले.

माहेरी गेल्यावर मी हे आबांना सांगितलं. आता बोर्ड खाली घ्या म्हटलं, तर आई म्हणाली, रंग ताजा आहे, उन्हाळा होऊ दे. उन्हाळा झाला. मग पावसाळा होऊ दे. भिंत काही कुणी फोडली नाही.

त्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. अक्काच्या खोलीत अंधार होता आणि ती मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. मी दारातूनच ओरडले, "अगं, हाक मारायची ना! आबा व्हरांड्यातच आहेत."

"म्हणूनच नाही मारत," ती हळू आवाजात म्हणाली. "हाक मारली की हातातलं टाकून येतात. बटण दाबतात आणि माझ्याकडे न बघता तसेच जातात. रोज. मला नाही गं ते बघवत."

मी दिवा लावला. तिने डोळ्यांवर हात धरला, व्हरांड्याकडे कान दिला आणि म्हणाली, "विचारलं तर सांग, अक्का झोपली होती."