छान म्हणजे काय

आमच्या घरात सुंदर दिसण्याचं खातं माझ्याकडे कधीच नव्हतं. ते नवऱ्याकडे होतं. ते रेल्वेत सिव्हिल इंजिनिअर, मी बँकेत. पोह्यांच्या बशीवर कोथिंबीर पडल्याशिवाय बशी पुढे यायची नाही, आणि ती कोथिंबीर टाकायचे ते. मी उभ्यानेच खात पर्स भरत असायची. पाण्याच्या माठाला गेरूचा पट्टा, सरबताच्या रिकाम्या बाटलीत झेंडूचं एकच फूल, स्वयंपाकघरातल्या डब्यांची लेबलं सगळी एका रेषेत.

"याचा उपयोग काय?" मी विचारायची.

"काही नाही. छान दिसतं."

छान हा त्यांचा ठरलेला शब्द. वरणाला छान, नव्या पुलाला छान, शेजारच्या मिश्राजींच्या नातवालाही छान. पुसायचं काम मात्र माझ्याकडे असायचं, म्हणून मला या गोष्टींचं कौतुक कमी.

आम्ही साताऱ्याकडचे. बदलीने लखनौत आलो आणि राहिलो. बख्शी का तालाबच्या रस्त्याला लहानसं घर बांधलं. तिथे जमीन परवडण्यासारखी होती, त्याचं कारण डोक्यावरून जाणारी विमानं. एअरफोर्सचं स्टेशन जवळच. सकाळी विमानं उडाली की काचा थरथरतात आणि भिंतीवर टांगलेलं काहीही जरासं कलतं. बाहेरच्या खोलीत एकाच खिळ्यावर एक फ्रेम होती, ती तर रोज कलायची. ते रोज सकाळी ती सरळ करायचे. खिशात मावणारी लेव्हल वरच्या कडेवर ठेवायची, हिरव्या पाण्यातला बुडबुडा मधोमध आला की तळहात जमिनीला समांतर धरून हवेत एकदा फिरवायचा. साइटवर मजुरांना ‘बस, लेव्हल आली’ सांगायची ती खूण. घरात मजूर नव्हते, तरी ते करायचे.

त्या फ्रेममध्ये लखनवी चिकनच्या भरतकामाचा एक तुकडा होता. चौकातल्या एका दुकानातून आणलेला, अर्धवट. चिकनचं काम करताना कापडावर आधी निळ्या रंगात ठसे मारतात, त्या रेघांवर टाके घालतात आणि शेवटी कापड धुतात, की निळं निघून जातं आणि पांढरं भरतकाम राहतं. या तुकड्यावर निम्मी वेल भरलेली होती, निम्मी नुसती निळी.

"धुवून तरी घ्यायचा," मी म्हटलं होतं.

"धुतला की ड्रॉइंग जाईल. कामाखालचं ड्रॉइंग कधी बघायला मिळतं का?"

"पाहुणे म्हणतील, बाईला कापड धुता येत नाही."

"त्यांना सांगू, बाई बँकेत असते."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, भाषा गेली, आणि एकच शब्द उरला. छान. तहान लागली की छान, सुई टोचली की छान, डायपर ओला झाला की छान. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "बोलने वाला हिस्सा गया है, समझने वाला भी काफ़ी हद तक। ये शब्द बस निकल जाता है।"

ऐकून मला हायसं वाटलं. ज्याला काही कळत नाही त्याला स्वतःची अवस्थाही कळत नसणार. मी बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग लावला. फ्रेम, बाटली, माठ, जे जे पुसावं लागतं ते माळ्यावर टाकलं. पलंग, कमोडची खुर्ची, औषधांचं टेबल. भिंती मोकळ्या. रजा संपली तशी मी हज़रतगंजच्या ब्रँचमध्ये परत रुजू झाले.

दिवसभरासाठी एक अटेंडंट ठेवला. पन्नाशीचा, उचलायला दणकट, बोलायला त्याहून. मी त्याला भैया म्हणायची, तो मला मैडम आणि यांना बाबूजी. पहिल्याच आठवड्यात मी घरी आले तर नवऱ्याला ठसक्यावर ठसका. डॉक्टरांनी बजावलं होतं, पातळ पदार्थ द्यायचे नाहीत, गिळता येत नाही, छातीत जाईल. खिचडी घट्टसर करून ठेवली होती. भांड्यात बघते तर नुसतं पिवळं पाणी.

"ये क्या है भैया?"

"बाबूजी ने ही कहा, मैडम। चम्मच मुँह में दिया तो बोले, छान। हमने छान दी। फिर बोले, छान। फिर छान दी। चाय भी तीन बार छानी। अब और कितना छानें?"

एवढ्या वर्षांत हिंदीतला छान, म्हणजे गाळ, आणि मराठीतला छान यांची गाठ पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला समजावलं, छान म्हणजे अच्छा, बढ़िया.

तो पलंगाकडे बघत राहिला. "अच्छा? इस हाल में क्या अच्छा है, मैडम?"

त्याचं म्हणणं खरं होतं, पण शब्द त्याने लक्षात ठेवला. कूस बदलताना तो विचारायचा, "बाबूजी, दर्द तो नहीं?" हे म्हणायचे, छान. त्याचं समाधान व्हायचं. मी संध्याकाळी विचारायची, तोच जवाब. पाठीला, कमरेच्या खाली जखम झाली आहे हे वास यायला लागला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी ती कापून साफ केली. मी पाय धरून उभी होते. "छान," ते म्हणत होते. "छान, छान."

त्यानंतर साताऱ्याहून दीर आले. पलंगाशेजारी आम्ही बसलो, एका बाजूला ते, एका बाजूला मी.

"वहिनी, असं किती दिवस चालायचं? तुमची नोकरी, हा भैया, ही जखम. आमच्या तिकडं एक संस्था आहे, मी बघून आलोय. चोवीस तास माणूस असतं. मी आठवड्याला चक्कर टाकीन."

"आणि मी इथे."

"तुमची निवृत्ती होईपर्यंत. अहो, त्याला काय कळतंय? त्याला इथं काय न तिथं काय, सारखंच."

मी विचार केला. हिशेबाने ते बरोबर होतं. मी हो म्हटलं. आम्ही तारीख ठरवली, गाडीत स्ट्रेचर कसा न्यायचा ते ठरवलं, नवऱ्याच्या अंगावरून हात इकडून तिकडे करत. मधेच पलंगावरून आवाज आला, "छान."

"बघा," दीर हसले. "त्यालाही पटलं."

बंगळुरूहून मुलगी दोन दिवसांसाठी येऊन गेली. ती इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. खोलीच्या दारातच थांबली.

"आई, ये कमरा है कि वार्ड? बाबा की एक चीज़ नहीं है यहाँ।"

"पुसायला सोपं पडतं. आणि आता निघायचंच आहे ना पुढच्या आठवड्यात."

"तो? एक हफ़्ता सुंदर नहीं रह सकता?"

"त्यांना कळत नाही गं."

"मुझे तो कळता है," असं धेडगुजरी बोलून ती माळ्यावर चढली. फ्रेम काढली, फडक्याने पुसली, पलंगासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. एका वाटीत पाणी घालून मोगऱ्याची दोन फुलं टेबलावर ठेवली. बाबांना म्हणाली, "देखो, आपका गंदा कपड़ा।" ते म्हणाले, छान. ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. मग विमान पकडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. विमानं गेली. काचा वाजल्या. थोड्या वेळाने भैयाची हाक आली.

"मैडम, बाबूजी मच्छर भगा रहे हैं।"

डावा हात थोडाफार हलायचा, पण असा नाही. तो उचललेला होता, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून काहीतरी फिरवत होता. नळ? मी दाटसर केलेलं पाणी चमच्याने पुढे केलं. तोंड फिरवलं. पंख्याचं बटण? पंखा बंद केला. छान म्हणाले, पण हात चालूच. पंखा परत लावला. "अहो, काय हवंय?" छान. मी वाकून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बघितलं. समोर फ्रेम. डावीकडे कललेली.

मी जाऊन ती जराशी फिरवली. बोटं अजून फिरत होती. आणखी थोडी फिरवली. बोटं उलटी फिरली, म्हणजे जास्त झालं होतं. केसाइतकी मागे आणली. मग हात थांबला. तळहात हळूहळू आडवा झाला आणि कापत कापत हवेत एकदा फिरला.

"छान," ते म्हणाले.

मी कमोडच्या खुर्चीत बसले. आनंद झाला का, असं मुलीने नंतर विचारलं. नाही झाला. मला पाठीची जखम दिसत होती, कापताना धरलेले पाय दिसत होते. डॉक्टर पायथ्याशी उभे राहून जे बोलले ते याच माणसासमोर बोलले होते. दीर आणि मी तारीख ठरवली ती याच्याच अंगावरून. कळत नाही या एका गोष्टीवर मी सगळं रचलं होतं, आणि तीच खरी नव्हती.

बँकेतली सवय, एकदा जुळलेलं मी दुसऱ्यांदा तपासते. संध्याकाळी फ्रेम मुद्दाम उजवीकडे कलवली आणि बाजूला झाले. हात उठला आणि बरोबर उलट्या दिशेने फिरला. मी दिरांना फोन लावला.

"भाऊजी, नाही पाठवत आम्ही."

"का? काय झालं?"

"त्यांना कळतंय."

"बोलला काही?"

"छान म्हणाले."

"अहो वहिनी, ते तर तो..."

"हो. पण फ्रेम सरळ झाल्यावर."

मला वेड लागलं असं त्यांना वाटलं असावं. मी फोन ठेवला आणि अर्ध्या पगाराच्या रजेचा अर्ज केला.

याच्या पुढे फार काही चांगलं घडलं, असं नाही. दुखत असेल तर बोटं फिरवा, नसेल तर तळहात, असं मी परोपरीने सांगून पाहिलं. हात हलायचा नाही. डॉक्टर म्हणाले, वस्तू कळत असतील, प्रश्न कळत नसतील. म्हणजे विचारून उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे फक्त वस्तू ठेवता येत होत्या. मग मी वस्तू ठेवायला लागले. मोगऱ्याची वाटी मी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवायची, ते हवेत बोट ढकलत ती माझ्याकरवी मधे आणवून घ्यायचे. पोह्यांची बशी खायला नव्हती, नुसती दाखवायला. तिच्यावरची कोथिंबीर एका बाजूला पडली असेल तर हात उठायचा. माठाला गेरूचा पट्टा मी स्वतः ओढला. पट्टा असा वाकडा आला की तो दाखवताना त्यांचा हात बराच वेळ चालला होता. भैया म्हणाला, "मैडम, इसमें तो बाबूजी का पूरा दिन निकल जाएगा।"

याचा एक उपयोग निघाला, जो कोणाला सुचला नसता. कधी कधी फ्रेम सरळ असायची, वाटी मधोमध असायची, तरी बोटं थांबायची नाहीत. फिरत राहायची. पहिल्यांदा मी फ्रेम इकडे तिकडे करून दमले. दुसऱ्यांदा चादर काढून कूस वळवली. घोट्यापाशी नवी लाली आली होती. तेव्हापासून ठरून गेलं. सगळं जागच्या जागी असून हात थांबला नाही, की अंग तपासायचं. एकदा लघवीची नळी तुंबलेली निघाली, एकदा कानात पू. ‘दर्द तो नहीं?’ विचारणं भैयाने सोडून दिलं. सकाळी येऊन तो आधी फ्रेम सरळ करायचा, मग हाताकडे बघायचा. खोली सुंदर दिसत होती, येणारे तसं म्हणायचे. मिश्राजींच्या सूनबाई म्हणाल्या, "आंटी, आपने तो बड़ा सजा के रखा है।" मी म्हटलं, "हाँ, ज़रूरत पड़ती है।"

हिवाळ्यात धुकं पडलं की विमानं उशिरा उडतात. त्या दिवशी दुपारी उडाली. फ्रेम कलली. मी स्वयंपाकघरातून येऊन पलंगाशी उभी राहिले आणि वाट पाहिली. त्यांचे डोळे उघडे होते, भिंतीकडेच होते. हात चादरीवर होता. मी फ्रेम आणखी वाकडी केली, मग इतकी की चिकनची वेल उभीची आडवी झाली.

"छान," ते म्हणाले.

मी वाटी कडेला ढकलली. मग काढूनच घेतली. छान.

"आज मन नहीं होगा," भैया म्हणाला. मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर येऊन गेले, आणखी एक लहान झटका आला असणार म्हणाले. समज किती आहे ते सांगता येत नाही, हेही म्हणाले. मला सांगता येत होतं. आता पाठ दुखली तर मला कळायचा रस्ता उरला नव्हता. मी घड्याळ लावून कूस बदलायला लागले, आणि चादर काढून बघायची ती आता हाताची वाट न बघता.

छातीत कफ भरला तसं ऑक्सिजनचं मशीन आणावं लागलं. ते समोरच्या भिंतीशीच मावलं; त्याची लांब नळी टांगायला तिथे दुसरा खिळा मारायचा म्हणून भैया हातोडी शोधत होता. मी म्हटलं, आहे तोच वापर. फ्रेम उतरवली आणि औषधांच्या टेबलावर उताणी ठेवली. अशी ठेवली की तिला वाकडं-सरळ काही राहत नाही. भैयाने सवयीने तिच्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या. मी एकेक बाटली उचलून बाजूला केली, काचेवर उमटलेली गोल वर्तुळं फडक्याने पुसली, आणि कूस बदलायची वेळ झाली म्हणून उठले.