चिंचेनं घासलेली थाळी

आमच्या घरात वाद्य म्हणून फक्त कुकरची शिट्टी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ड्रमविषयी मी पुढे जे बोलणार आहे त्याचा अधिकार मला लोखंडी स्टँड उचलून मिळालेला आहे. मी सव्वीस वर्षांचा होतो, सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका रॉक बँडचं सामान टेम्पोतून उतरवत असे. जबलपूरच्या घमापुरात, आमच्या मोहल्ल्यात, मात्र मी बँडमध्ये आहे असं सांगत होतो. कोणी फार खोलात शिरत नसे.

त्या बँडचा ड्रमर ग्वारीघाटाकडे राहायचा. वीज खात्यात नोकरी, आणि घर आमच्यासारखंच, विदर्भातून आलेलं बौद्ध घर. आमच्या गल्लीत त्याला ड्रमवाले भैया म्हणत. तो कुठे वाजवत नसे ते सांगणं सोपं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो, नाताळात चर्चमध्ये तो, कॉलेजच्या पोरांच्या रॉकमध्येही तोच. एकदा जयंतीच्या स्टेजवर ढोलकीवाला आलाच नाही. यानं ढोलकीचा ठेका सेटमधल्या दोन छोट्या ड्रमवर, म्हणजे टॉमवर, असा काही काढला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया ढोलकी कुठं आहे ते शोधत राहिल्या. वाजवताना चेहरा असा शांत, की हा माणूस मनात किराण्याची यादी करतो आहे असं वाटावं. आणि हातपाय मात्र चार वेगळ्या घरांत वाढल्यासारखे, एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नाही.

माझे हातपाय सख्खे भाऊ. मी एकदा हट्टानं त्याच्या ड्रमवर बसलो होतो. पाय हलला की उजवा हात पाठोपाठ जायचाच. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि प्रेमानं म्हणाला, "भैया, तुमी स्टँड मस्त उचलता." मी ते कौतुक म्हणून घेतलं. अजून घेतो.

त्याचा सेट म्हणजे निरनिराळ्या घरांतून आलेल्या सुनांचं एकत्र कुटुंब होतं. बेस ड्रम बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा, त्याच्या पोटात जुनी रजाई कोंबलेली. टॉम दोन रंगांचे. पेडलची स्प्रिंग सायकलच्या दुकानातून आणलेली. खाली सतरंजी, आणि सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाच्या जागी पांढऱ्या रंगाची खूण. पण मांडणी सुरू व्हायची स्टुलापासून. बाकीचे ड्रमर आधी सगळा पसारा लावतात आणि मग त्यात अंग चोरून शिरतात. हा रिकाम्या सतरंजीवर आधी स्टूल ठेवायचा, त्यावर ऐसपैस बसायचा, आणि बसल्या बसल्या एकेक गोष्ट हाताच्या अंतरावर ओढून घ्यायचा. "आधी माणूस बसला पाहिजे जी," म्हणायचा. "मग सामान त्याच्या हिशोबानं बसते."

या सगळ्यात त्याचा जीव होता तो उजव्या हाताच्या मोठ्या, झांजेसारख्या थाळीत. तिला राइड म्हणतात. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या वादकानं जबलपूर सोडताना ती त्याला दिली होती. तव्याच्या पाठीसारखी काळी, मधूनमधून हिरवट. काठी पडली की इतर थाळ्यांसारखी किणकिणत नसे. एक कोरडा टक्क, आणि त्याच्या मागून धूर निघावा तसा आवाज. तिला तो फडकं लावू देत नसे. चाळीस वर्षांचा मळ चढला तेव्हा हा आवाज आला, असं त्याचं म्हणणं.

आता खरी गोष्ट. माझी ताई शाळेत शिकवायची, आणि तिला या माणसाशी लग्न करायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं होतं. ताईनं नोकरी सांगितली, शिक्षण सांगितलं, घर आपल्यातलंच आहे हेही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदाच बोलले.

"माझा बाप गावात दुसऱ्याच्या लग्नात डफडं वाजवे. मांडवाच्या बाहेर उभा राहून. लोकं जेवून उठले की मग त्याले बोलावत. ते सोडून आलो आपण. आता जावई वाजवणाराच आणू काय?"

ताई उठून वह्या तपासायला आत गेली. मीही मागोमाग सटकलो.

मग ताईनं युक्ती काढली. बँडचा पुढचा कार्यक्रम आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये होता. सामान आदल्या दिवशी आमच्याच बैठकीत उतरवून घ्यायचं, म्हणजे बाबांच्या डोळ्यांसमोर राहील, त्यांना त्याची सवय होईल. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कार्यक्रमाला न्यायचं. शनिवारी मी सगळं उतरवलं. बाबा पेपर वाचत बसले होते. आई थाळीकडे पाहून म्हणाली, "एवढं काळं भांडं घेऊन पोरगा लोकांपुढं जाऊन राहिला?" बाबांनी पेपर खाली करून एकदा थाळीकडे पाहिलं. मला वाटलं, बरं झालं.

रविवारी मी उशिरा उठलो. अंगणात नळापाशी बाबा पाटावर बसले होते. शेजारी वाडग्यात चिंचेचा कोळ, कागदावर राख. आणि त्यांच्या मांडीवर नव्या परातीसारखं काहीतरी झळझळत होतं. ते काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. ती भैयाची काळी थाळी होती.

आमच्या घरात बाबा भांडं घासत नसत. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधी, विहारातली पितळेची मूर्ती आणि समया ते स्वतः घासायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. हे ताईलाही माहीत होतं. ती दारात आली, थाळी पाहिली, मग बाबांचे सुरकुतलेले ओले हात पाहिले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू काहीच बोलू नको."

दुपारी तीनला तो आला. जयभीम झालं. नजर सरळ थाळीवर गेली. त्यानं ती उचलली, कानाशी नेली, नखानं एक टिचकी मारली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला. आतापर्यंत मी त्याच्या चेहऱ्यावर कधी काही पाहिलं नव्हतं; त्या दिवशी पाहिलं.

"कोणी घासली?"

एकदा तरी आयुष्यात शूर व्हावं म्हणून मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं. पण बाबा खुर्चीतून म्हणाले, "मी. विहारातलं पितळ मीच घासतो."

तो विहारात येणारा माणूस. त्याला याचा अर्थ सांगावा लागला नाही. थाळी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली. "आवाज बदलला बाबूजी," तो म्हणाला. "पण घासली छान. आज हीच वाजवतो."

हॉलवर त्यानं सतरंजी पसरली, स्टूल ठेवलं, बसला. मग तासभर बाकीचं सगळं त्या एका चमकत्या थाळीच्या मर्जीनं लावत राहिला. समोरचा स्नेअर ड्रम सैल केला, त्यावर रुमाल टाकला, थाळी हातभर लांब आणि तिरकी केली, तिच्या खाली कापडाची पट्टी चिकटवली. पांढऱ्या खुणांपैकी एकही त्या दिवशी उपयोगाची नव्हती.

बाबा आले. शेवटच्या रांगेत, दाराशी बसले, कधीही उठता येईल अशा खुर्चीवर. पहिलंच गाणं धडाक्याचं होतं, आणि मी बाबांकडेच पाहत होतो. मग संथ गाणं आलं. तो काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेऊन वाजवू लागला, जणू कोणी भाताचे तांदूळ निवडतंय. आणि मधेच, बँडची पोरं तारा जुळवत असताना, त्यानं टॉमवर तो जयंतीचा ठेका धरला. हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाबांनी वाजवल्या नाहीत. पण ते उठलेही नाहीत.

घरी चालत येताना आम्ही तिघंच होतो. घमापूरच्या चौकात आल्यावर बाबा म्हणाले, "बसून वाजवते तो."

मी म्हटलं, "ड्रम बसूनच वाजवतात बाबा." माझी हुशारी अशाच वेळी जागी होते. ताईनं माझा दंड दाबला.

"स्टेजवर. मधोमध. सगळे त्याच्याकडं तोंड करून," बाबा म्हणाले. "माझा बाप उभ्यानं वाजवे." आणि थोडं पुढे गेल्यावर ताईला म्हणाले, "त्याच्या घरच्यांना या म्हणावं."

लग्न विहारात झालं. जीजाजींना त्यांचा तो जुना आवाज परत मिळाला नाही. नवा मळ चढायला आणखी चाळीस वर्षं लागतील, असं ते हसून सांगत. आणि चढू देणार कोण होतं? दर बुद्धपौर्णिमेआधी बाबा निरोप धाडायचे, थाळी आण म्हणून. जीजाजी ती घेऊन ग्वारीघाटाहून स्कूटरवर येत, पायांपाशी धरून, आणि अंगणात बाबांच्या समोर बसत. समया झाल्या, मूर्ती झाली की बाबा थाळी घेत. घासून, धुऊन, पुसून झाली की लगेच देत नसत. कानाशी नेत, नखानं एक टिचकी मारत, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबत. मग विचारत, "यंदा बरी आहे ना?"