फासावर गेलेला आमचा जेवणारा

आमची ही जाऊन वर्ष होत आलं. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, चुकेल ते चुकेल.

लालबागच्या चाळीत ही गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. त्या जेवणाऱ्यांतला एक पुढं फासावर गेला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. बोलणं कमी. बांगड्याचे काटे काढून आमच्या पोरीला भरवायचा. हिला वैनी म्हणायचा. मला तो माणूस कधी पटला नाही. तो कालवण दोनदा मागायचा, आणि ही न मागता तिसऱ्यांदा वाढायची.

त्यानं करी रोडला सख्खा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन पोरं कापली. खोली भावाच्या नावावर होती, एवढ्यासाठी. कापून सरळ आमच्याकडे येऊन जेवायला बसला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज मोर्चा, रोज धरपकड. पोलीस आले की चाळीतल्या बायका जिना अडवायच्या. त्या दुपारी मी गिरणीतली पाळी संपवून येतो तर खाली पोलीस, आणि जिन्यात बायका. सगळ्यांत पुढं ही, हातात पळी.

"बाई, बाजूला व्हा. वर खुनी आहे."

"काल सत्याग्रही म्हणून न्यायचात, आज खुनी होय? घाला गोळ्या, मग चढा!"

चाळ हसली. मी नाही हसलो. हिच्या कडेवर पोरगी होती. असल्या राड्यात ही पोरीला कधी आणायची नाही, वरच ठेवायची.

शेवटी पोलीस रेटून वर गेले, मी मागोमाग. आमच्या दाराला बाहेरून कडी. आत तो हात धुऊन बसलेला. नेताना म्हणाला, "येतो, वैनी."

त्यांची पाठ वळताच मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?"

"सदऱ्यावर रक्त होतं. मला डोळे नाहीत?"

"मग अडवलंस कशाला?"

"पानावर बसला होता. पानावरून कुत्र्याला तरी उठवतात का?"

पुढं त्याला फाशी दिल्याचं पेपरात आलं. मी वाचून दाखवलं, तशी ही उठली आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

"तुझा कोण लागत होता गो तो?"

"त्याची माणसं होती ती त्यानंच संपवली. आंघोळ करणार कोण?"

उत्तर चोख होतं. तरी मला खरं वाटलं नाही.

ही गेली त्या दिवशी मीही डोक्यावरून पाणी घेतलं. तांब्या ओतताना रडू आलं, आणि त्यातही मनात आलं, त्याच्यासाठी हिनं घेतलं तेव्हा मोरीचं दार लावलेलं होतं. आत ही रडली होती का?