अनवाणी घेतलेले माप

मालन शेडगे यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीडेक बोट आखूड आहे. लहानपणी गावच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्याने तसे झाले. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या की आठ, हे त्यांचे सांगणे दर वेळी बदलते. आणि माण तालुक्यातल्या त्या गावात याची नोंद कुठे असेल असे वाटत नाही. खात्रीने सांगता येते ते एवढेच, की ठाण्यात खोपटला राहायला आल्यापासून त्या डाव्या सँडलला मोच्याकडून जाड तळ लावून घेतात. त्यामुळे चालणे सरळ दिसते, आणि साडीच्या निऱ्या तो तळ झाकून टाकतात.

घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलात त्या साफसफाईच्या कामाला होत्या. तिथे हा पाय कोणाला ठाऊक नव्हता. ठाऊक झाला तर काम जाईल, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हती; आधीच्या ठिकाणी नेमके तेच घडले होते. नवरा गेल्यापासून त्या आणि कॉलेजात शिकणारी मुलगी ऐश्वर्या, दोघींचे घर या कामावर चाले.

गेल्या वर्षी लाद्या घासण्याचे यंत्र आले. एका बाईचा पदर त्यात अडकला आणि सुपरवायझर कमलेशने फर्मान काढले, सगळ्यांनी पँट.

"मावशी, टेन्शन नका घेऊ. हिरोईन दिसाल एकदम."

"ह्या वयात कसली हिरोईन रे बाबा! साडी वर खोचून करते की."

"चालणार नाही. सबको पँट."

मिळालेली निळी तयार पँट त्यांना कमरेत ढिली आणि नितंबांवर घट्ट झाली. डावीकडची बाजू तर पिळल्यासारखी दिसे. रंग तोच ठेवून शिवून घ्या, असे कमलेश म्हणाला. शिंप्याकडे जायला मालनबाई तयार नव्हत्या. टेप दोन्ही पायांवरून जाणार, आणि शिंपी विचारणार. ब्लाउज त्या घरीच शिवत. पँटही घरीच शिवायची ठरली.

त्यांनी घाई केली नाही, हे नमूद करायला हवे. तयार पँट उसवून तिचे भाग वर्तमानपत्रावर आखले, आणि आधी जुन्या चादरीची पँट शिवून पाहिली. मायलेकी दोन रविवार कपाटाच्या आरशासमोर होत्या. तोंडात टाचण्या धरून ऐश्वर्या जमिनीवर बसे.

"आई, नीट उभी राहा ना. सारखी वाकून काय बघतेस?"

"डावी खाली लोंबतीया का बघती."

"मी बघतेय ना? तू समोर बघ."

पँटच्या मागे, बैठकीच्या जागी पडणाऱ्या आडव्या चुण्या मागचा भाग रुंद केल्यावर गेल्या. कमरपट्टा डावीकडे खाली उतरत होता. तिथे कापड वाढवून तो सरळ केला. डावा पाय लांब वाटत होता, तो दोन्ही कडा जमिनीला सारख्या टेकेपर्यंत आखूड केला. त्याच मापाने निळे कापड कापले. दुमडीचा जाड फुगवटा दिसू नये म्हणून आतली माया, म्हणजे पुढे वाढवण्यासाठी राखायचे जादा कापडसुद्धा, छाटून टाकली. चेन लावून झाली. आरशात मालनबाईंचे दोन्ही पाय सारखे दिसत होते. ऐश्वर्या सांगते, आई कितीतरी वेळ आरशासमोरून हललीच नाही.

सँडल या सगळ्या काळात दाराबाहेर होत्या. बहुतेक मराठी घरांप्रमाणे याही घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि माप घेण्यासाठी ते आत आणावे असे दोघींपैकी कोणाच्या मनातही आले नाही.

सोमवारी कामावर निघताना मालनबाईंनी गॅलरीत सँडल घातल्या. जाड तळाने डावी कंबर वर उचलली. कमरपट्टा तिरका झाला, डावी कडा वर चढली, आणि तळ उघडा पडला.

"आई," ऐश्वर्या म्हणाली, "थांब. थांब जरा."

वाढवायला कापड उरले नव्हते. उजवी कडा वर घेतली तरी तळ दिसणारच होता. तयार पँटचे भाग उसवून पडले होते. मालनबाईंनी सँडल काढल्या आणि ऐश्वर्याचे सपाट बूट घातले. पँट पुन्हा अगदी बरोबर बसली. पण बिल्डिंगच्या गुळगुळीत लॉबीत प्रत्येक पावलाला त्या डावीकडे लचकत होत्या.

"मावशी, पाय मुरगळला काय?" कमलेशने विचारले.

"हा, जरासा."

"मग घरी बसा. बरं वाटलं की या."

आठवडाभराने त्या तशाच लचकत गेल्या, तेव्हा कमलेशने त्यांना बाजूला घेऊन सरळ विचारले, आणि त्यांनी खरे सांगितले. तो ओरडला नाही. "मशीन चालवताना पडलात तर माझ्यावर येईल, मावशी," एवढेच म्हणाला आणि त्यांचे कामाचे ओळखपत्र परत घेतले.

ऐश्वर्याने त्याच रंगाचे नवे कापड आणले. या वेळी सँडल पुसून घरात घेतल्या. मालनबाई त्या घालून देव्हाऱ्याकडे पाठ होणार नाही अशा बेताने आरशासमोर उभ्या राहिल्या. पँट निर्दोष झाली. मी ती पाहिली आहे. तळ दिसत नाही, कमरपट्टा सरळ बसतो, आणि चालताना कोणता पाय आखूड हे आधी माहीत असूनही ओळखता आले नाही.

ती घालून त्या कमलेशला भेटायला गेल्या. त्याने त्यांना लॉबीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले.

"एक नंबर बसलीय, मावशी. कळतसुद्धा नाही," तो म्हणाला. "पण आता मला माहितीये ना."

मालनबाई फाटकाकडे वळल्या. ऐश्वर्या फाटकाबाहेर उभी होती. आईला सरळ चालत येताना पाहून तिला काम परत मिळाल्यासारखे वाटले, आणि तिने लांबूनच हात हलवला.