अब्बांसमोर केलेल्या सह्या

कागद वाचून मी म्हणाले, “सलमाताई, या सह्या चालणार नाहीत.”

सलमाताई कल्याणच्या. पन्नाशीच्या, एकट्या. त्यांचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, दीड महिन्यापूर्वी गेले होते. शेवटची नऊ वर्षं ते अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं ताईच करत होत्या. आपला एकमेव फ्लॅट वडिलांनी वसियत करून, म्हणजे मृत्युपत्राने, ताईंना दिला होता. खाली दोन्ही धाकट्या भावांनी ‘आम्हाला मान्य आहे’ असं लिहून सह्या केल्या होत्या. त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये ताई शिकवण्या घेत. राहणं आणि पोट, दोन्ही तिथेच.

मी ठाण्यात वकिली करते. माझे वडील जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मी ऑफिसला जायचे, पण प्रत्येक कागद दोनदा वाचावा लागायचा. हाही दोनदा वाचला होता.

सुन्नी कायद्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा आधीच ठरलेला असतो. यांची आई पूर्वीच गेली होती. त्यामुळे पाच भाग: प्रत्येक मुलाला दोन, मुलीला एक. त्यातल्या एका वारसाला मृत्युपत्राने जास्त द्यायचं, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ती संमतीही माणूस गेल्यानंतर दिलेली हवी. हयातीतली धरत नाहीत.

“अब्बांनी दोघांना पलंगाजवळ उभं करून सह्या घेतल्या,” ताई म्हणाल्या.

“म्हणूनच धरत नाहीत.” मग मी सवयीने म्हणाले, “नवीन संमतीपत्र करू. भावांना सांगा, फॉर्मॅलिटी आहे. करतील सही.”

ताईंनी त्या जुन्या सह्यांवर बोट ठेवलं.

“फॉर्मॅलिटी कशी, मॅडम? ते अब्बांना हो म्हणालेत. मला कुठे कोण काय म्हणालंय? त्यांना नीट समजावून सांगा. नाही म्हणता येतं, हेपण सांगा.”

“घर जाऊ शकतं तुमचं.”

“माहितीये. गणितच शिकवते मी.”

शनिवारी दोघे भाऊ आले. धाकटा इम्रान ठाण्यातच बाळकुमला राहतो, नोकरी चांगली. “आपा, एकदा दिली ना सही? तेव्हा काय पेनात शाई नव्हती?” मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि लगेच सही केली.

मोठा रियाज दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहत होता. बायको, तीन मुलं, आणि पाणी टँकरचं. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं.

“आपा, अब्बांसमोर नाही म्हणायची हिंमत नव्हती. आजपण नाहीये. पण मला माझा हिस्सा लागेल.”

“भाई, शरम कर जरा! नऊ वर्षं हिने...”

“तू गप रे, इम्रान,” ताई म्हणाल्या. मग रियाजकडे वळून, “आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हणालं. घे, पाणी पी.”

आपलंच नुकसान करणारा नकार कोणी असा समोर बसून मागून घेतलेला मी पाहिला नव्हता. मी उगाच फाइल चाळत राहिले.

संमती ज्याची त्याच्या हिश्श्यापुरती असते. इम्रानचे दोन भाग ताईंना मिळाले, त्यांचे तीन झाले. रियाजचे दोन त्याच्याकडे राहिले. दोघांनाही एकमेकांचे भाग विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून फ्लॅट विकला. ताईंनी टिटवाळ्याला लहान घर घेतलं. सामान हलवायला रियाज होता. तिथे पहिल्या महिन्यात शिकवणीला चार मुलं आली.

शनिवारच्या त्या बैठकीनंतर मी घरी जाऊन माझं हक्कसोडपत्र काढलं. वडिलांच्या घरातला हिस्सा भावाला सोडल्याचा कागद. ड्राफ्ट माझाच. सही करताना शेजारी आई बसली होती. आजही बहुतेक तीच सही केली असती. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आता हक्कसोडपत्रासाठी बहीण आली की बाकीच्यांना बाहेर बसवते. वेळ जातो. यावरून चिडून दोन पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले. तरी संमतीचा कोणताही कागद आला, की मी आधी एवढंच विचारते: सही करताना खोलीत कोण होतं?