खाकरण्याचा नियम

मला माझ्या हुशारीचा फार अभिमान होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी अमडापूरची. नर्सचं शिक्षण झालं नागपूरला. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आम्हाला शहाणं व्हायचं तर नागपूरलाच जावं लागे. शिकून आले ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात लागले. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. तिथे बायकांचा वॉर्ड होता, बारा खाटांचा, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खाटा कायम रिकाम्या. बाया यायच्याच नाहीत. का येत नाहीत, याचा डॉक्टरांना उलगडा होत नव्हता. मला पहिल्या आठवड्यात झाला. वॉर्डाला दार होतं, पण ते कोणालाही उघडं. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, सरपणवाला, भिश्ती, जो तो सरळ आत. आमच्याकडच्या शेतकरी घरातली बाई परक्या पुरुषासमोर डोक्यावर पदर नसताना खाटेवर आडवी पडून राहील, ही कल्पनाच चुकीची होती.

मी नियम केला. कोणीही पुरुष आला की त्याने दाराबाहेर थांबून खाकरायचं. मी बाहेर येईन, काय ते विचारीन, मग हवं तर आत सोडीन. खाकरल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडला की मी त्याची अशी हजेरी घेई की तो पुन्हा रस्त्यावरूनही खाकरत जाई. दोन हंगामांत वॉर्ड भरला. बाया एकमेकींना सांगत, त्या दवाखान्यात अब्रू राहते. डॉक्टरांनी कागदोपत्री माझं कौतुक केलं, तो कागद नागपूरला गेला, आणि मी काही दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालले.

मोतीबिंदूचं काम हिवाळ्यात चाले. तेव्हाची रीत आजच्यासारखी नव्हती. मोती काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि रोग्याने आठ दिवस उताणं पडून राहायचं. टाका घालत नसत, जखम नुसती जोर न पडण्याच्या भरवशावर असे. मान उचलली, अंगाला हिसका बसला, की ती उघडे, बुबुळाची कड बाहेर येई आणि डोळा हातचा जाई.

पुरुषांच्या बाजूचे डोळे बरे होत होते. बायकांच्या बाजूला मात्र दर थोड्या दिवसांनी एखादा बिघडे. डॉक्टर तेच, पातं तेच, औषध तेच.

“सिस्टर, तुमच्याच वॉर्डात का?” डॉक्टर विचारायचे.

मला हे “तुमच्याच” फार लागे. मी हत्यारं दुप्पट वेळ उकळली. फरशी दोनदा पुसून घेतली. बाया झोपेत डोळे चोळत असतील म्हणून रात्री त्यांचे हात मऊ पट्टीने खाटेला बांधले. उपयोग शून्य. शेवटी डॉक्टर म्हणाले, बायकांना धीर नसतो. मी त्यांच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

पिंपळगाव राजाची एक बाई होती. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, घर एकत्र. आदल्या हिवाळ्यात तिचा डावा डोळा असाच आमच्याकडे गेला होता. आता उजव्याचाही मोती पिकला होता आणि ती पुन्हा आली होती. आम्ही एक डोळा घालवला, तरी दुसरा आमच्याच हाती द्यायला आली, याची मला लाज वाटली. मी तिला विचारलं, खामगावला, अकोल्याला का नाही गेलात?

ती म्हणाली, “तिकडं कोनीबी आत येते म्हन्तात. तुमच्या इथं मानूस खाकरून येते.”

तिला आणणारा तिचा भासरा होता, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, घरचा कर्ता. सत्तरीचा माणूस, ताठ, पांढरंशुभ्र पागोटं. गावाहून बैलगाडी हाकत आला आणि धर्मशाळेत मुक्काम ठोकून राहिला. सकाळ-संध्याकाळ दुधाचा तांब्या घेऊन येई. दाराशी थांबून असा दणदणीत खाकरे की माझा नियम धन्य होई. मी बाहेर जाई. तो विचारी, “कसं हाय आता?” मी सांगे, बरं आहे. तो तांब्या माझ्या हाती देई, आत दोन पावलं येऊन कुठेही न बघता उभा राही आणि निघून जाई. तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहून हे दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. तशीच रीत होती. भासऱ्यासमोर बसायचं नाही, बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भासरा येऊन गेल्यावर मी दूध तापवायला निघाले, तर शेजारच्या खाटेवरच्या पिंजाऱ्याच्या म्हातारीने मला हाक मारली. तिच्याही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

“सिस्टर, मेरी आँखां बंद है, कान नै,” ती म्हणाली. “वो बाबा बाहर खाँसते, और बाजू की खाट बोलती. कल शाम कू भी बोली.”

मी तिथेच थबकले. खाकरणं ऐकू आलं की मी दाराकडे जात असे. म्हणजे वॉर्डाकडे माझी पाठ. जे काही व्हायचं ते नेमकं माझ्या पाठीमागे होत होतं.

संध्याकाळी मी दाराशी गेले नाही. तिच्या उशाशी उभी राहिले. बाहेर भासरा खाकरला. त्याबरोबर तिची दोन्ही कोपरं गादीत रुतली, मान वाळूच्या पिशव्यांमधून वर आली आणि हात पदराकडे गेला. मी खांदे धरून तिला खाली दाबलं नसतं तर ती सरळ उठून बसली असती.

मी ओरडलेच. “काऊन उठता बाई? डोळा जाईल ना!”

“मी कोठी उठली?” ती घाबरून म्हणाली. “मी त हाललीबी नाई.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं त्या आवाजाला अंग आपोआप उठत आलं होतं, ते तिला विचारून उठत नव्हतं. आणि वॉर्डातल्या प्रत्येक बाईचा कोणी ना कोणी दीर, भासरा, सासरा असा दाराशी येऊन खाकरत होता. माझ्याच हुकमाने. बायका नुसत्या उठून पुन्हा आडव्या होत, आणि मी फरशी पुसत होते.

डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं. जखम अजून धरून होती. नशीब, दुसरं काय.

मी भासऱ्याला अंगणात गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मंग पहिला डोया म्याच फोडला.”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की नाही हो, खाकरायला लावणारी मी. मी म्हटलं नाही. खाली बघून उभी राहिले आणि तो दोष त्या म्हाताऱ्याच्या अंगावर राहू दिला. आयुष्यात मी पुष्कळांना बोलले आहे, पण त्या दिवशी गप्प बसले याची मला अजून खंत वाटते.

मी म्हटलं, उद्यापासून न खाकरता या.

“बायायच्यात न खाकरता शिरू? मले चोर समजले का?” तो म्हणाला. आणि लगेच त्यालाच कळलं की न खाकरूनही उपयोग नाही. “तिले माह्या वहाना वळखू येतात.”

मग येऊच नका, मी म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आणि तो दिवस सगळ्यात वाईट गेला. दर पावलाला तिची मान वळे. दुपारी तिने मला विचारलं, “घरून कोनी आलं नाई का? एक डोया गेला तवापासून मी घरात बोजच हाव.” मी दिवसभर तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. बाकीच्या अकरा बायांनी माझा उद्धार केला, तो ऐकून घेतला.

एकच उपाय राहिला होता, आणि तो माझ्या हाती नव्हता. मी धर्मशाळेत गेले. तुमच्यासाठी ती उठते, तेव्हा तुम्हीच तिला उठू नको म्हणा, असं सांगितलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मीही इरेला पेटले होते. म्हटलं, रीत सांभाळा, मग आंधळी भावजयही सांभाळा. हे बोलणं जास्त झालं, पण मागे घेतलं नाही.

सकाळी तो आला. खाकरला. मी तिचे खांदे धरून होतेच. तो आत आला, तिच्या खाटेपर्यंत आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीलाच म्हणाला,

“मी आलो त उठाचं नाई. खाकरलो तरी उठाचं नाई. पडून राह्यलं तरी मले मान भेटला.”

माझ्या हाताखाली तिचे खांदे सैल पडले. मग तिचे ओठ थरथरायला लागले आणि मला धडकी भरली, कारण रडणंही त्या डोळ्याला तितकंच वाईट. “रडायचं नाही!” मी दटावलं, आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली. पिंजाऱ्याची म्हातारी म्हणाली, “सिस्टर, अब तुम्हारी खाट बोल रही.”

पुढचे दिवस तो येई, खाकरे, आणि ती दगडासारखी पडून राही. पट्टी सुटली तेव्हा तिने डॉक्टरांची बोटं बरोबर मोजली.

त्यानंतर आमच्याकडे मोतीबिंदूच्या तयारीत एक गोष्ट वाढली. न्हाऊ घालणं, नखं काढणं, पापण्यांचे केस कापणं, आणि पट्टी बांधण्याआधी घरच्या वडीलधाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगणं, उठायचं नाही. काही जण भिंतीला सांगत, काही छताला. मी हरकत घेतली नाही. बायकांचे डोळे पुरुषांसारखेच टिकू लागले. तो कागदही नागपूरला गेला. त्यात खाकरण्याचा नियम कोणी केला होता, ते लिहिलेलं नव्हतं.

दीड महिन्याने ती चष्मा घ्यायला आली. जाड भिंगं कानावर चढवली, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “तुमी त लहान हा वो. आवाजावरून म्हातारी वाटे.” तेवढ्यात बाहेर खाकरणं झालं. ती उठून उभी राहिली आणि तिने नव्याकोऱ्या चष्म्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढला.

मला संताप आला. एवढं सगळं केलं ते यासाठी का? पदराआडून ती हळूच म्हणाली, “नर्सबाई, त्यायचे केस पांढरे झाले असतीन ना आता?”

“तुम्हीच बघा की,” मी म्हटलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

भासरा गाडी जुंपत होता. मी त्याच्यापाशी जाऊन एका दमात सांगून टाकलं, की दाराशी खाकरायचा नियम माझा होता, पहिला डोळा माझ्यामुळे गेला.

त्याने बैलाच्या गळ्याखालून जुवाची सापती अडकवली. “मले मालूम हाय,” तो म्हणाला. “दारावरच्या शिपायानं सांगतलं होतं मांगच्याच साली, नवा नियम हाय म्हनून.” मग म्हणाला, “नियम तुमचा, पन मान त माहाच होता ना.”

तो पुढे बसला. ती मागे, गाडीच्या साटीवर. उकडत होतं म्हणून त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बैल हाकले. हाकणारा माणूस मागे बघत नाही, आणि पाठीला कसली रीत नसते. गाडी वळणाला लागली तेव्हा तिने दोन बोटांनी पदर वर उचलला होता. पिंपळगाव पुष्कळ लांब होतं.